मारियेची जपमाळ

सोलापूर जिल्ह्यात माळ हे काही नवलाचे साधन नव्हे. आषाढी-कार्तिकीस पंढरपुराकडे लोटणाऱ्या वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते. ती एकदा गळ्यात पडली म्हणजे माणूस ‘माळकरी’ झाला, त्याच्या आहारविहारास मर्यादा आली, असे सारा महाराष्ट्र समजतो. खुद्द सोलापूर शहराचे ग्रामदैवत असलेले सिद्धेश्वर म्हणजे बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम. ते बसवेश्वरांच्या काळातील शरणांपैकी एक होत आणि त्यांच्या परंपरेत रुद्राक्षाची गणना अष्टावरणांत होते. नमाज आटोपून मशिदीबाहेर पडणाऱ्या वृद्धाच्या बोटांत तेहतीस किंवा नव्याण्णव मण्यांची तसबीह फिरत असते. मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू अशा चार भाषा ज्या शहराच्या बाजारात एकाच वेळी ऐकू येतात, त्या शहरात माळाही तितक्याच प्रकारच्या असाव्या, हे स्वाभाविकच होय. या माळांच्या शेजारी आणखी एक माळ आहे. तिचा परिचय मात्र सुशिक्षित मराठी घरांतूनही फारसा आढळत नाही. ती म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती लोकांची रोझरी.

सोलापुरातील कॅथलिक समाज लहान आहे. हे शहर पुण्याच्या धर्मप्रांतात मोडते, व तो धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला. त्यापूर्वी १८६० साली आगगाडी सोलापुरास पोहोचली होती आणि पुढे दीड-दोन दशकांत कापडगिरणीचा भोंगाही वाजू लागला होता. आगगाडी, गिरण्या, शाळा व दवाखाने यांच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतील माणसे येथे येऊन राहिली व त्यांत काही कॅथलिक कुटुंबेही होती. ज्या सांजवेळी शेजारच्या घरात मुले ‘शुभंकरोति’ आणि परवचा म्हणतात, त्याच वेळी अशा घरात क्रूसासमोर किंवा मारियेच्या तसबिरीसमोर सारे कुटुंब बसावे, एकाने आरंभ करावा व इतरांनी उत्तर द्यावे, अशी या माळेची रीत आहे. गोव्यात या सायंप्रार्थनेस ‘तेर्स’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असून त्याचा अर्थ ‘तिसरा हिस्सा’ असा होतो. हा हिस्सा कशाचा, याचा उलगडा माळेच्या रचनेवरूनच होईल.

नेहमीच्या वापरातील रोझरीत एकोणसाठ मणी असतात. प्रथम एक लहानसा क्रूस, त्याला लागून पाच मण्यांची लोंबती दोरी, आणि तेथून पुढे वर्तुळ. वर्तुळात दहा-दहा लहान मण्यांचे पाच गट असतात व दोन गटांच्या मध्ये एकेक सुटा मणी असतो. या गटास दशक म्हणतात. सुट्या मण्यावर येशूने आपल्या शिष्यांस शिकविलेली, स्वर्गातील पित्यास उद्देशून केलेली प्रार्थना म्हणावयाची. दहा मण्यांवर दहा वेळा मारियेस नमन करावयाचे आणि दशक संपताच पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्याची स्तुती करावयाची. परंपरेने संपूर्ण जप पंधरा दशकांचा, म्हणजे दीडशे नमनांचा. माळ एकदा फिरविली की पन्नास नमने होतात व एक तृतीयांश जप पुरा होतो. गोव्यातील ‘तेर्स’ तो हाच. पाच दशकांस पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

इतके वर्णन ऐकून कोणीही म्हणेल की, हा तर मोजदादीचा मामला झाला. तेच शब्द पन्नास वेळा उच्चारले म्हणजे प्रार्थना कशी होते? हा प्रश्न आजचा नाही. तो युरोपात विचारला गेला आहे आणि महाराष्ट्रातही विचारला गेला आहे. रोझरीचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, ही माळ प्रथम खरोखरच मोजण्यासाठी अस्तित्वात आली आणि चिंतन तिच्यात मागाहून शिरले. हे चिंतन कसे शिरले, ही या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात ख्रिस्ती तपस्वी राहत असत. त्यांपैकी पॉल नावाच्या एका तपस्व्याची हकीकत पॅलेडियस या लेखकाने नोंदून ठेविली आहे. हा पॉल दररोज तीनशे प्रार्थना करी आणि हिशेब चुकू नये म्हणून तीनशे खडे ओटीत घेऊन बसे. एक प्रार्थना झाली की एक खडा खाली टाकावयाचा, असा त्याचा क्रम होता. खड्यांच्या जागी पुढे गाठी मारलेली दोरी आली आणि दोरीनंतर मणी आले. अकराव्या शतकात इंग्लंडातील कव्हेंट्री येथील गोडायव्हा या सरदारपत्नीने प्रार्थना मोजण्याची आपली रत्नांची माळ मृत्युपत्राने मठातील मारियेच्या मूर्तीस अर्पण केल्याचा उल्लेख मिळतो. तेराव्या शतकात पॅरिस शहरात अशा माळा करणाऱ्या कारागिरांचे वेगवेगळे संघ होते. हाडाचे व शिंगाचे मणी करणारे वेगळे, पोवळ्याचे वेगळे आणि अंबराचे वेगळे. मणी या अर्थाचा इंग्रजीतील ‘बीड’ हा शब्द तर मुळात प्रार्थना या अर्थाचाच होता. ज्यावर प्रार्थना मोजावयाची त्या वस्तूसच प्रार्थनेचे नाव मिळाले.

परंतु दीडशे हाच आकडा कोठून आला? त्याचे उत्तर मठांच्या दिनचर्येत सापडते. बायबलातील स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत. ती लॅटिन भाषेत म्हणणे हे भिक्षूंचे नित्यकर्म होते. मठात शेतीचे, स्वयंपाकाचे व गवंडीकामाचे कष्ट करणारे जे बंधू असत, त्यांस लॅटिन येत नसे आणि अनेकांस अक्षरओळखही नसे. मठाबाहेरील शेतकरी, कारागीर व स्त्रिया यांची स्थिती तीच होती. स्तोत्रांचा ग्रंथ त्यांच्यासाठी बंद होता. मग त्यांनी दीडशे स्तोत्रांच्या जागी तोंडपाठ असलेली एकच प्रार्थना दीडशे वेळा म्हणावी, अशी सोय निघाली. आरंभी ती प्रार्थना पित्यास उद्देशून असलेली होती. बाराव्या शतकापासून तिच्या जोडीस मारियेचे नमन आले. ते पुढे इतके लोकप्रिय झाले की दीडशे नमनांच्या या जपास ‘मारियेची स्तोत्रसंहिता’ असेच नाव पडले.

मराठी वाचकास येथे एक ओळखीची वाट दिसेल. संस्कृत वेदविद्येचा अधिकार ज्यांस नव्हता, त्यांच्या हाती संतांनी नाम दिले. त्याला पोथी लागत नाही, मुहूर्त लागत नाही, शेत नांगरताना किंवा दळण दळतानाही ते घेता येते. चोखोबांसारख्या, मंदिराच्या पायरीपाशीच थांबावे लागलेल्या भक्तासही नाम मुक्त होते. चोखोबांचा शेवट याच जिल्ह्यातील मंगळवेढ्यास झाला. युरोपातील माळ आणि पंढरपूरची माळ यांचा एकमेकींशी काही संबंध होता असे यावरून ठरत नाही. परंतु दोन्ही माळा ज्या गरजेतून लोकप्रिय झाल्या ती गरज एकाच जातीची होती, हे मात्र स्पष्ट दिसते. ज्यांस ग्रंथ मिळाला नाही त्यांनी मणी हाती घेतले.

अशी सोय म्हणजे नेहमीच दुधारी शस्त्र. ग्रंथातील दीडशे स्तोत्रांत हर्ष, शोक, क्रोध, पश्चात्ताप अशा नाना भावना आहेत आणि वाचणाऱ्याचे मन त्यांच्याबरोबर फिरते. एकच वाक्य दीडशे वेळा म्हणणाऱ्याच्या मनाने कोठे जावे? ते बाजारात जाते, भांडणात जाते किंवा झोपी जाते. आकडा पुरा होतो, मन रिकामेच राहते. ही अडचण ज्याने मनावर घेतली तो एक तरुण संन्यासी होता.

परंपरेने या माळेचे श्रेय तेराव्या शतकातील संत डोमिनिक यांस दिले आहे. मारियेने त्यांस दर्शन देऊन माळ हाती दिली, असे चित्र असंख्य चर्चांत रंगविलेले आढळते. तथापि विसाव्या शतकाच्या आरंभी हर्बर्ट थर्स्टन या जेझुइट इतिहासकाराने जुनी साधने तपासली, तेव्हा डोमिनिक यांच्या समकालीन लेखनात या प्रसंगाचा मागमूसही नाही असे त्यास दिसून आले. ही आख्यायिका पंधराव्या शतकात, आलां द ला रोश या डोमिनिकन उपदेशकाच्या तोंडून पसरली. कॅथलिक पंथाच्याच एका धर्मगुरूने हे निर्भीडपणे लिहावे, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

इतिहासातील डोमिनिक दुसराच होता. १४०९ साली जर्मनीतील ट्रिअर येथील कार्थुसियन मठात प्रशियाचा डोमिनिक या नावाचा एक तरुण दाखल झाला. त्याने पुढील काही वर्षांत पन्नास छोटी वाक्ये रचिली. त्या काळी मारियेचे नमन येशूच्या नावापाशी संपत असे. या नावास जोडून प्रत्येक खेपेस येशूच्या चरित्रातील एकेक प्रसंग सांगणारे वाक्य म्हणावयाचे, अशी त्याची योजना होती. पहिल्या मण्यावर देवदूताचा निरोप, नंतर कुठे गोठ्यातील जन्म, कुठे मंदिरातील बालक, कुठे काट्यांचा मुकुट, कुठे रिकामी कबर. शब्द तेच राहिले, पण प्रत्येक मण्याबरोबर डोळ्यांपुढील दृश्य बदलू लागले. मोजण्याचे काम बोटांकडे गेले, उच्चाराचे काम जिभेकडे गेले आणि मनास पाहण्याचे काम मिळाले. रोझरी ध्यानाचे साधन झाली ती येथून.

पन्नास वाक्ये पाठ करणे सामान्य माणसास जड जाई. म्हणून ती आटत जाऊन पंधरा प्रसंगांवर स्थिरावली व दर दशकास एक प्रसंग नेमला गेला. या प्रसंगांस ‘रहस्ये’ म्हणतात. येथे रहस्य म्हणजे कोडे नव्हे. कितीही पाहिले तरी ज्याचा अर्थ संपत नाही अशी घटना, असा त्याचा आशय आहे. पाच रहस्ये आनंदाची, पाच दुःखाची आणि पाच गौरवाची. कोलोन शहरात १४७५ साली या जपासाठी एक बंधुसंघ स्थापन झाला. त्यास वर्गणी नव्हती. गरीब, श्रीमंत, स्त्रिया, पुरुष, कोणासही नाव नोंदविता येई, इतकेच नव्हे तर दिवंगत आप्तांची नावेही घालता येत. ज्या काळात बहुतेक संघांचे दार पैसा व प्रतिष्ठा यांनी उघडत असे, त्या काळात ही गोष्ट सामान्य नव्हती. १५६८ च्या सुधारलेल्या प्रार्थनाग्रंथात मारियेच्या नमनाचा उत्तरार्ध कायम झाला. त्यात पापी माणसांसाठी आता आणि मरणाच्या वेळी विनंती करावी, असे मागणे आहे. पुढच्याच वर्षी, १५६९ साली, पाचवे पायस या पोपनी पंधरा रहस्यांच्या पद्धतीस अधिकृत मान्यता दिली. त्यानंतर जवळजवळ साडेचारशे वर्षे तिच्यात बदल झाला नाही. २००२ साली दुसरे जॉन पॉल यांनी येशूच्या उपदेशकाळातील पाच ‘प्रकाशाची रहस्ये’ जोडली, व आता एकंदर रहस्ये वीस झाली आहेत.

रोझरी या शब्दाविषयी एक गमतीदार तर्क विद्वानांत प्रसिद्ध आहे. लॅटिनमध्ये ‘रोझारियम’ म्हणजे गुलाबांची बाग. वेबर या जर्मन संस्कृत पंडिताने असे सुचविले की, संस्कृत ‘जपमाला’ हा शब्द पश्चिमेस जाताना ‘जप’ आणि जास्वंदीवाचक ‘जपा’ यांत घोटाळा झाला व प्रार्थनेची माळ फुलांची माळ ठरली. तर्क मनोहर असला तरी त्यास पुरावा नाही. मध्ययुगीन युरोपात निवडक वेच्यांच्या संग्रहास ‘गुलाबांची बाग’ म्हणण्याची चाल स्वतंत्रपणेच होती, आणि मारियेस गुलाबांचा हार अर्पण करण्याच्या कथाही तेथे रूढ होत्या. हिंदू व बौद्ध लोकांच्या एकशे आठ मण्यांच्या माळा फार जुन्या आहेत हे खरे. परंतु जुने ते दुसऱ्याचे मूळच असले पाहिजे, असा नियम नाही.

या माळेच्या इतिहासात एक काळी बाजूही आहे. ती झाकून ठेविल्यास हा इतिहास अपुरा राहील. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांटोच्या समुद्रात ख्रिस्ती आरमाराने तुर्कांचा पराभव केला. पाचव्या पायसनी त्या विजयाचे श्रेय रोझरीच्या प्रार्थनेस दिले आणि आजही रोझरीचा सण त्याच तारखेस येतो. ध्यानाची माळ अशा रीतीने रणवाद्यांच्या आवाजात सापडली. मारियेची ही माळ भारतात आली तीही राज्यसत्तेच्या सावलीत. गोव्यात डोमिनिकन भिक्षू १५४८ साली आले. जुन्या गोव्याच्या टेकडीवरील रोझरीमातेचे चर्च त्याच दशकातील असून, रेवदंडा व वसई येथील किल्ल्यांत डोमिनिकन मठांचे भग्नावशेष अद्याप उभे आहेत. १५६० साली गोव्यात धर्मन्यायासन बसले व ते १८१२ साली कायमचे उठले. त्या काळात घरात तुळस जपणे धोक्याचे ठरे आणि गळ्यातील रोझरी ही निष्ठेची खूण मानली जाई. ज्या माळेने निरक्षर माणसास ग्रंथाच्या बंधनातून सोडविले, तीच माळ दुसऱ्या ठिकाणी माणसांची पारख करण्याचे माप बनली. साधन एकच असते, ते कोणत्या हाती पडते यावर पुष्कळ अवलंबून असते.

त्याच गोव्यात, त्याच काळात, या माळेतील कथा मराठीत आली हेही सांगितले पाहिजे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि त्याने ‘क्रिस्तपुराण’ रचिले. हे काव्य १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभी, तो लिहिण्यामागील निमित्तही येते. जुनी पुराणे नव्या ख्रिस्ती लोकांस निषिद्ध झाली, तेव्हा त्यांच्या जागी मन रमेल असे दुसरे काही हवे, अशी मागणी एका श्रोत्याने केली. निव्वळ सिद्धान्तावर मन टिकत नाही, त्यास चरित्र लागते, हे त्या श्रोत्याने ओळखले होते. ट्रिअरच्या संन्याशाने दोन शतके आधी हेच ओळखून मण्यांत प्रसंग ओवले होते. क्रिस्तपुराणातील येशूचा जन्म, त्याचे दुःख आणि त्याचे पुनरुत्थान ओव्यांतून ऐकणाऱ्या माणसास संध्याकाळच्या जपात ध्यानासाठी लागणारी चित्रे मराठीतच मिळाली.

सत्तेचा काळ सरला, पण माळ राहिली, कारण तिला सत्तेची गरज नव्हती. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली व पोर्तुगीज अंमल संपला. तरीही वसईच्या खेड्यांतील ख्रिस्ती समाज आपल्या प्रार्थनांसह तेथेच राहिला आणि आपली मराठी वळणाची बोलीही त्याने सोडली नाही. पुढे पोटापाण्यासाठी गोव्याची माणसे मुंबईस आली. धोबी तलावाच्या आसपास गावोगावच्या लोकांनी ‘कूड’ नावाची सामायिक बिऱ्हाडे काढली. बोटीवरची नोकरी शोधणारे खलाशी, आचारी व वादक तेथे ट्रंका ठेवून राहत. त्या बिऱ्हाडातही ग्रामसंताच्या वेदीसमोर रोज सायंकाळी सर्वांनी मिळून तेर्स म्हणण्याचा दंडक असे. रोझरीला धर्मगुरू लागत नाही, वेदी लागत नाही, पुस्तक लागत नाही, माळ हरवली तर दहा बोटेही पुरतात. सोलापुरासारख्या ठिकाणी, जेथे आपल्या पंथाचे घर गल्लीत एखादेच असावयाचे, तेथे या साधेपणाची किंमत विशेष कळते. प्रत्येक घर त्या वीस मिनिटांपुरते देऊळ होते.

सोलापुरातच या माळेवर आक्षेप घेणारे ख्रिस्ती लोकही आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे प्रोटेस्टंट मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे आले आणि त्यांच्या शाळांनी शहराच्या शिक्षणात मोलाची भर घातली. प्रार्थनेत निरर्थक पुनरुक्ती करू नये, हा येशूचा उपदेश पुढे करून त्यांच्या पंथाने माळ त्याज्य ठरविली. याच मिशनशी संबंध असलेले कवी नारायण वामन टिळक यांनी मात्र ख्रिस्ती भक्तीस अभंगांचा व भजनांचा वेष दिला. भजनात ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतेच. टाळ-मृदंगाच्या साथीने घोळवलेले तेच पद मनात खोल उतरते, याचा अनुभव प्रोटेस्टंट मंडळींसही आहे. तेव्हा वाद पुनरुक्तीचा नसून पोकळ पुनरुक्तीचा आहे, हे दोन्ही पक्षांस मान्य होण्यास हरकत नसावी.

हाच निवाडा आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे. कबीराने माळ फिरविणाऱ्यांची केलेली थट्टा आणि तुकोबांनी दांभिक माळकऱ्यांवर ओढलेले आसूड प्रसिद्धच आहेत. तरीही दोघांनी नाम सोडले नाही. पतंजलींनी योगसूत्रांत जपाबरोबर त्याच्या अर्थाची भावना सांगितली आहे. नुसता उच्चार म्हणजे जप नव्हे, उच्चारलेल्या शब्दाचा अर्थ मनात जागता ठेवणे हा त्याचा दुसरा अर्धा भाग होय. सोलापुराहून विजापुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर निंबाळ हे लहानसे स्थानक आहे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक गुरुदेव रा. द. रानडे यांचा आश्रम तेथे होता व १९५७ साली तेथेच त्यांनी देह ठेविला. नामस्मरण हेच ध्यान, अशी त्यांच्या संप्रदायाची शिकवण. महाराष्ट्रातील संतांवर १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी मराठी संतांस पाश्चात्य साक्षात्कारी पुरुषांच्या शेजारी बसवून पाहिले. त्या दृष्टीने पाहिल्यास रोझरी ही परकी वस्तू वाटणार नाही.

तरी दोहोंतील भेदही पुसून टाकू नये. नामजपात साधक बहुधा एकाच नामात चित्त स्थिर करू पाहतो आणि रूप, प्रसंग, विचार हळूहळू मागे पडावेत अशी अपेक्षा असते. रोझरीत चित्ताने एका चरित्रातून चालावयाचे असते. सोमवारी व शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची. आठवडाभरात एका आईच्या डोळ्यांनी तिच्या मुलाचे सारे आयुष्य पाहून होते. ज्याच्या घरी नुकताच पाळणा हलला आहे तो गोठ्यातील जन्माजवळ थांबतो, ज्याच्या घरातून नुकतीच तिरडी उठली आहे तो क्रूसाखाली उभ्या असलेल्या मारियेजवळ थांबतो. रहस्ये ठरलेली असतात, त्यांत पाहणारा माणूस मात्र रोज बदललेला असतो. म्हणूनच वर्षानुवर्षे तीच माळ ओढूनही ती जुनी होत नाही, असे ओढणारे सांगतात.

शरीरावर या जपाचा काय परिणाम होतो, हेही अलीकडे तपासले गेले आहे. इटलीतील पाव्हिया येथील डॉक्टर लुचानो बेर्नार्दी व त्यांचे सहकारी यांनी २००१ साली तेवीस निरोगी माणसांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मारियेचे लॅटिन नमन पारंपरिक चालीने, अर्धे एकाने व अर्धे दुसऱ्याने असे म्हटले, की एका आवर्तनास सुमारे दहा सेकंद लागतात आणि श्वासाची गती आपोआप मिनिटास सहाच्या आसपास येते. तिबेटी बौद्धांच्या ‘ओं मणिपद्मे हुं’ या मंत्रानेही तेच घडले, आणि दोन्ही वेळी हृदयाची व रक्तदाबाची लय अधिक सुसंगत झाली. एकजण म्हणत असता दुसऱ्याने ऐकावयाचे, या साध्या रीतीत श्वासास विसावा मिळण्याची व्यवस्था आहे. प्रयोग लहान होता, त्यावरून मोक्षाचे गणित कोणी मांडू नये. परंतु कुटुंबाने मिळून दोन अर्ध्यांत जप म्हणण्याची चाल मन शांत करण्यास का उपयोगी पडते, याचे एक दृश्य कारण त्यात मिळते.

श्वासाची शांतता म्हणजे मात्र प्रार्थना नव्हे, हा इशाराही चर्चने दिला आहे. पुणे हे या चर्चेचे एक केंद्रच होते. जेझुइट धर्मगुरू अँथनी डी मेलो यांनी तेथे ‘साधना’ ही संस्था काढली आणि श्वास, मौन, नामोच्चार या भारतीय मार्गांचा उपयोग ख्रिस्ती प्रार्थनेत कसा करावा हे हजारोंस शिकविले. १९८७ साली ते वारले. १९८९ साली रोमहून ध्यानपद्धतींविषयी एक पत्र निघाले. पौर्वात्य पद्धतींत घेण्यासारखे आहे, परंतु तंत्र हेच साध्य समजू नये, असे त्याचे तात्पर्य होते. पुढे १९९८ साली डी मेलो यांच्या काही मतांविषयीही रोमने हरकत नोंदविली. तरी सोळाव्या शतकात तुळस उपटणारे आणि विसाव्या शतकात श्वासाचे शास्त्र शिकू पाहणारे धर्मगुरू एकाच चर्चचे, हा पालट लहान नव्हे.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष काढावयाचा झाल्यास तो थोडक्यात असा. मणी मनाला बांधून ठेवू शकत नाहीत, ते फक्त मनाला मोजण्याच्या कामातून मोकळे करतात. त्या मोकळेपणाचे काय करावयाचे, हे ओढणाऱ्यावर असते. सहावे पॉल यांनी १९७४ साली आपल्या लोकांस अशाच आशयाचा इशारा दिला होता की, चिंतन नसेल तर रोझरी प्राण गेलेल्या देहासारखी होय. ही कसोटी केवळ एका पंथाच्या माळेस लागू नाही. तुळस, रुद्राक्ष, तसबीह आणि रोझरी या चारही माळा सोलापुरात रोज सायंकाळी काही अंतराअंतरावर फिरत असतात. त्या फिरविणाऱ्यांचे देव, मंत्र आणि कथा निराळ्या आहेत व निराळ्याच राहतील. परंतु बोटांखालून मणी सरकत असता मन कोठे आहे, हा प्रश्न चौघांसमोरही सारखाच उभा असतो, आणि त्याचे उत्तर शेजाऱ्यास नव्हे, ज्याचे त्यालाच द्यावे लागते.